अकरावी ज्योत

एल आल्तोला हवा विकत मिळत नाही,
नाहीतर आधी तीच आणली असती मी, पोतंभर.

इलारिओन तार्कीची भट्टी खालच्या मुलखातली.
सांताक्रूझहून आली, ट्रकच्या पाठीवर तीन दिवस,
तिथल्या दाट, ओलसर, ऐसपैस हवेला सरावलेली.
इथे चढली आणि धापा टाकायला लागली,
माणसांसारखीच.
ज्योत पिवळी, लांबडी, आळशी,
पावांच्या बुडाला काजळी,
आणि पहाटे तीनला कणीक मळणाऱ्या पोरांची
डोकी ठणकणारी.
फेलिसा एकदा पिठाच्या पोत्यावरच आडवी झाली.
ओढत बाहेर नेली तिला, गारठ्यात,
तेव्हा कुठे डोळे उघडले.
“झोप पुरत नाही पोरीला,” इलारिओन म्हणाला.
मी म्हटलं, झोप नाही, प्राणवायू.

हिशोब सोपा आहे. म्हणजे, कागदावर.
एक वाटी गॅसला दहा वाट्या हवा.
पण चार हजार मीटरवर वाटी भरून जी येते
ती साडेसहा आणेच हवा असते,
बाकी नुसतं भांडं.
म्हणून गॅसचं तोंड बारीक करायचं
आणि हवेचा घसा रुंद,
मधे नळी अशी निमुळती
की धावत्या गॅसने हवेला हाताला धरून ओढत आत आणावं
आणि पेटण्याआधी दोघांची नीट ओळख व्हावी.
नुसती नळी फुंकून वारा इकडून तिकडे जातो,
त्याला ज्योत म्हणत नाहीत.

रविवारच्या बाजारात, जुन्या रेडिओंच्या रांगेत,
एक माणूस घड्याळजीची ड्रिलं विकतो.
त्याच्याकडून आणली एकेक, दहाव्या मिलिमीटरच्या फरकाने.
पितळेला भोक पाडताना मी श्वास रोखते,
इथे तोही काटकसरीनेच.

पहिल्या तीन पिवळ्याच.
चौथी भोकांवरून उठली, बोटभर वर तरंगत राहिली,
दारातच उभी राहून “नको, घाईत आहे” म्हणणाऱ्या
पाहुणीसारखी,
आणि गेली.
सहावी मागे फिरली, नळीतच भप्पकन पेटली.
माझी डावी भुवई तेव्हापासून विरळ आहे.
नववी गायची.
रात्रभर एकच सूर, दाढदुखीसारखा.
शेजारची सेनोबिया शेवटी लाटणं घेऊन आली.
मी कोणत्याच बर्नरला नाव दिलं नाही,
नाव दिलं की मोडवत नाही.

अकरावी लावली त्या रात्री बाहेर वारा होता.
काडी ओढली.
काहीच झालं नाही, असं वाटलं.
मग हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.
होती. निळी, आखूड, ताठ,
भोकाभोकाला चिकटून बसलेली,
आवाज म्हणाल तर दूर कुणीतरी तांदूळ निवडतंय एवढाच.
पावाची बुडं सोनेरी निघाली.
फेलिसाने सबंध रात्र गप्पा मारल्या,
तिच्या दिराच्या लग्नाच्या, न थांबता.
सिलिंडरं पूर्वी सहा लागायची, आता चार.

एकटा इलारिओन खूश नव्हता.
“निकानोरा, विस्तव कुठाय?”
पन्नास वर्षं त्याने भट्टी डोळ्यांनी ओळखली होती:
केशरी झाली की पाव टाकायचे,
लाल पडली की थांबायचं.
आता दिव्याखाली त्याला तिथे
नुसता काळा खड्डा दिसत होता.
मी थर्मामीटर दाखवला.
त्याने तो रुमालाने पुसला, मान डोलावली,
आणि मला परत दिला.

मग पाहिलं मी एका पहाटे.
कणकेच्या परातीतून चिमूटभर मीठ घेतलं त्याने,
इकडे तिकडे बघून भट्टीत भिरकावलं.
क्षणभर सगळ्या ज्योती पिवळ्या उजळल्या,
त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलं,
आणि समाधानाने त्याने पहिलं फळकूट आत सारलं.

वहीत मी टिपून ठेवलं:
अकरावा, भोक दीड मिलिमीटर, काजळी नाही,
गॅस तिसऱ्या हिश्श्याने कमी.
मिठाने पितळ खाल्लं जातं, तेही लिहायला हवं होतं.
लिहिलं नाही.
बारावं तोंड पोलादाचं करीन.